खडूच्या दोन रेघा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. घरात कोणी असा विषय काढला की मी उठून आत जायचे. तरीही हे लिहिते आहे... इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही, ते भीतीपेक्षा लाजेने.

२००३ साल. मी नाशिकला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. गंगापूर रोडचा आमच्या कॉलनीसमोरचा तुकडा नुकताच रुंद झाला होता — गुळगुळीत डांबर, मध्ये डिव्हायडर, लेनचे पांढरे पट्टे. कॉलनीला तिथे स्पीडब्रेकर हवा होता. सर म्हणाले, "गाड्यांचा वेग मोजून आणा, कॉलनीच्या अर्जाला जोडू." तोच माझा प्रोजेक्ट ठरला.

पद्धत सोपी होती. रस्त्यावर पन्नास मीटर अंतरावर खडूच्या दोन रेघा मारायच्या. गाडीने पहिली ओलांडली की स्टॉपवॉच सुरू, दुसरी ओलांडली की बंद. सहा दिवस, सकाळी आठ ते दहा.

पहिल्या दिवशी जेमतेम अर्धा तास उभी राहिले. बाइकवरून दोघं गेले, मागच्याने ओरडून विचारलं, "मॅडम, पहिला नंबर कोणाचा?" सायखेड्याहून येऊन कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या हिराबाई खुदकन हसल्या. मी वही मिटली ती मिटलीच. पुढचे पाच दिवस घरून वेळेवर निघायचे आणि कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन बसायचे. आकडे तिथेच बसून बनवले. पुस्तकात होतं की लेन आखल्या की लोक शिस्तीत गाडी चालवतात, म्हणून बहुतेक गाड्यांना साडेचार सेकंद दिले. म्हणजे ताशी चाळीस. त्यावरून सरांनी लिहिलं — स्पीडब्रेकरची गरज नाही.

दोन महिन्यांनी तिथून जाताना हिराबाई दिसल्या. पायाला प्लास्टर, पाय स्टुलावर. रस्ता ओलांडताना जीपने उडवलं होतं. मी खाली मान घालून पुढे निघाले, तर त्यांनीच हाक मारली.

"तू म्हणाली व्हती गं पोरी. मावशी, इथून नका जाऊ, रस्ता मोकळा दिसला की गाड्या लय जोरात येतात. म्या नाय ऐकलं."

"मी? कधी म्हणाले?"

"आता गं बया. सहा दिस उभी व्हती ना इथं, घड्याळ घेऊन? माझ्यासंगं चहा पेली. पहिल्या दिशी लाजून पळाली, मंग नाय लाजली." त्यांनी पाटीखालच्या पोत्यातून घडी केलेले कागद काढले. "हे राहिले व्हते तुझे. म्हटलं, येशील कवातरी."

पाच दिवसांचे पाच कागद. अक्षर माझं. माझ्यासारखीच इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ. बहुतेक गाड्यांपुढे तीन सेकंद, काहींना त्याहून कमी. ताशी साठ आणि वर. शेवटी शेरा — रस्ता रुंद आणि लेन सरळ असल्याने वेग वाढला आहे. इथे माणसं रस्ता ओलांडतात.

त्याच दिवशी लायब्ररीचं रजिस्टर काढून पाहिलं. पाचही दिवस, आठ ते दहा, माझी सही होती.

कागद सरांना दिले. "हे आधी का नाही दिलेत?" त्यांनी विचारलं.

"हरवले होते, सर." दुसरं खोटं.

स्पीडब्रेकर झाला. हिराबाई अजून लंगडत चालायच्या, पण भाजी घ्यायला आलेल्या प्रत्येकीला माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "हिनं केलं. उन्हात उभी राहून." मी भाजी घ्यायला दुसरीकडे जाऊ लागले.

तिथे कोण उभं होतं, याचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही. जी कोणी होती, तिने कागदांवरचा रकाना न् रकाना भरला होता... फक्त खाली, रीडिंग घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. पाचही कागदांवर. कागद दिले त्याच दिवशी सरांनी त्यावर बोट ठेवलं होतं, म्हणाले होते, "सही राहिली तुमची."

मी पाचही ठिकाणी सही केली.