गोजरबाईंचा डावा हात

गोजरबाईंच्या डाव्या हातात बांगडी नसायची. उजव्यात डझनभर, डावा मात्र मोकळा. पळसदेवात नव्यानं आलेल्या सुना त्यावरून कुजबुजायच्या आणि घरची पहिली गाय विताना अडली की गप्प व्हायच्या. त्या डाव्या हातानं गोजरबाईंनी चाळीस वर्षं त्या पट्ट्यातल्या गाई-म्हशी सोडवल्या. मी पशुवैद्यकाची पदविका घेऊन इंदापुरात पाटी लावून बसलेला माणूस. तरी लोक आधी त्यांना बोलवायचे, आणि त्यांचं जमलं नाही तर मला. त्यांचं बहुतेक जमायचंच. त्यामुळे माझा त्यांच्यावर राग होता, हे आधीच सांगून टाकतो.

"आला का डागदर? जरा लांब हुबा ऱ्हा, कापडं खराब हुतील," असं त्या चारचौघांत म्हणायच्या आणि हसायच्या. मीही वरवर हसायचो.

गेल्या मे महिन्यात उजनी धरणाचं पाणी फार मागं सरलं होतं. एका दुपारी दोनच्या सुमाराला दत्तोबा या मच्छीमाराचा फोन आला, की गाळात म्हैस रुतलीय आणि ती अडलेली दिसतेय. मी मोटारसायकल काढली. पोचलो तर गोजरबाई माझ्या आधीच तिथं, गुडघाभर गाळात उभ्या. दत्तोबा दोर आणायला गावात गेला होता.

ती म्हैस नव्हती. कातडी म्हशीसारखी काळी आणि ओली, पण लांबी दोन ट्रॉल्यांएवढी. तोंड कुठं, पाय कुठं, कशाचा पत्ता नाही.

"मावशी, मागं या. हे काय हाय ते आपल्याला ठावं न्हाय."

"कळा देतंय की. दिसंना व्हय तुला?"

खरंच ते आवळत होतं आणि सैल पडत होतं. दुसऱ्या कुणीही पोलिसांना फोन केला असता. आमच्या धंद्यात मात्र अडलेलं जनावर दिसलं की आधी हात आत जातो, अक्कल मागून येते. गोजरबाईंनी हाताला तेल चोळलं आणि तो एका फटीतून खांद्यापर्यंत आत घातला. त्या घसरू नयेत म्हणून मी त्यांना मागून धरलं. पुढची कळ आली तशा त्या आत ओढल्या गेल्या, आणि त्यांच्यामागं मी.

आत एका खोलीएवढी जागा होती. भिंती उबदार, चिकट, मधूनच मंद उजळणाऱ्या. आलो ती फट मागं मिटून गेली होती. भिंतीला ओळीनं खळगे होते, बसण्यासाठीच केलेले, पण माणसाच्या बैठकीचे नव्हेत. प्रत्येक खळग्यासमोर गाईच्या सडांसारखी बोंडं लोंबत होती. एका ठिकाणी कातडी काचेसारखी पातळ होती. तिच्यातून मी बाहेर बघितलं. उजनीचं पाणी खाली होतं, खूप खाली, आणि काठचे उसाचे फड हातरुमालाएवढे दिसत होते.

"मावशी, हे यान हाय. जित्तं यान. आभाळातनं आलंय."

"मंग चालीवणारी कुठं हायती?"

"कोण न्हाय. समदे खळगे मोकळे हायती."

"म्हंजी येकलंच हाय बिचारं," गोजरबाई म्हणाल्या.

मला त्या बिचाऱ्याची काही पडली नव्हती. मोबाईलला रेंज नव्हती. कळ आली की यान वर जायचं, कळ ओसरली की खाली गाळात टेकायचं, पण फट काही उघडायची नाही. दर खेपेला ते आधीपेक्षा उंच जात होतं. चौथ्या खेपेला बाहेर भरदुपारी आभाळ काळं पडलं आणि चांदण्या दिसल्या. माझे कान दडले. ह्या खेपेला नाही उतरलं तर? हा विचार दर खेपेला यायचा.

शेवटी मी पिशवीतलं ब्लेड काढलं आणि जिथून आलो होतो तिथं भिंतीला चीर दिली. सगळी खोली आवळली. बरगड्या मोडतात की काय असं झालं. सैल पडल्यावर गोजरबाईंनी माझ्या कानफटात मारली.

"अडल्याल्या जनावराला कापतोस? हेच शिकलास व्हय?"

"त्यानं आपल्याला कोंडून घातलंय, मावशी!"

"म्हशीनं कळंच्या वक्ताला तुजा हात कदी दाबून धरला न्हाय का? ती काय वैर करती व्हय? तिला सोडीव, ती तुला सोडती."

खोलीच्या टोकाला पडद्यामागं काहीतरी हलत होतं. गोजरबाईंनी भिंतीला कान लावला आणि जनावराशी बोलतात तसं हलक्या आवाजात बोलू लागल्या. मग पडद्याआड हात घातला. पिल्लाची मान मागं वळलेली होती. म्हशीच्या रेडकाची वळते तशीच. त्या सांगतील तिथं मी दाबत होतो आणि दोन कळांच्या मधली मिनिटं मोजत होतो. मिनिटं कमी होत चालली होती. तास गेले. त्यांचा श्वास फुलला, ओठ निळे पडले. एकदा त्या हात तसाच आत ठेवून भिंतीला टेकल्या आणि डोळे मिटले, तेव्हा मी घाबरून ओरडलो.

सहाच्या सुमाराला मान सरळ झाली. यान धाडकन गाळात बसलं, पडदा फाटला, समोर मोठी फट उघडली, आणि रिक्षाएवढं ओलं, काळं पिल्लू आमच्या अंगावरून घसरत बाहेर गेलं. मागून संध्याकाळचं ऊन आत आलं. मी रडलो, खोटं कशाला सांगू?

"पिल्लामागची वार पडली न्हाय," गोजरबाई म्हणाल्या. "आत ऱ्हायली तर कुजंल. ही मरंल."

हे मलाही माहीत होतं. वार सोडवायला दोन माणसं लागतात, एक धरायला आणि एक सोडवायला, हेही माहीत होतं. फटीच्या कडा हळूहळू जवळ येत होत्या.

"थांबतोस का रं?" त्यांनी विचारलं. या वेळी डागदर म्हणाल्या नाहीत. "मला येकटीला न्हाय व्हायचं."

मी फटीकडे सरकलो. पाय बाहेर टाकला. गाळात पडून मागं वळलो तोवर फट मिटली होती. थोड्या वेळानं ते वर गेलं, डगमगत, आणि पिल्लू त्याच्या मागोमाग गेलं.

दत्तोबा दोर घेऊन आला होता तेव्हा यान वर होतं; त्याला नुसती माझी मोटारसायकल दिसली आणि तो परत गेला होता. मी सगळं सांगितलं, पण गावानं धरून चालायचं ते धरलं, की म्हातारी गाळात गेली आणि डागदरच्या डोक्यावर परिणाम झाला.

तिसऱ्या दिवशी गोजरबाईंची लेक आली, नकोशी. तिला बावड्याला दिलेली. यान खरं की खोटं, हे तिनं विचारलं नाही. एवढंच विचारलं, "आई शेवटाला काय म्हनली?"

"म्हनली, तू जा. मी बगते हिचं."

नकोशी रडता रडता हसली. "आईच ती. आपल्यापायी दुसऱ्याला कदी थांबवायची न्हाय."

मी मान हलवली.