बटाट्याचं रक्तदान

मंडईतले बटाटेवाले कोंडीराम गुंजाळ गिऱ्हाइकावर वाघासारखे धावून जायचे, पण सुई म्हटली की त्यांचं पार पाणी व्हायचं. गणेश मंडळाचं रक्तदान शिबिर आलं की त्यांना नेमका त्याच दिवशी ताप भरायचा.

यंदा मंडळाने कुत्र्यांचंही शिबिर ठेवलं. कोंडीरामांनी छाती फुगवून आपला धिप्पाड कुत्रा बटाट्या तिथे नेला. "रक्त द्यायला आमचं घर कधी मागे हटत नाही," असं त्यांनी डॉक्टरीणबाईंना न विचारताच सांगितलं.

बटाट्या टेबलावर शहाण्यासारखा पडून राहिला. बाईंनी त्याच्या मानेवरचे केस भादरले, सुई बाहेर काढली आणि कोंडीराम धाडकन आडवे झाले. कार्यकर्त्यांनी त्यांना उचलून शेजारच्या टेबलावर निजवलं. शुद्धीवर आले तेव्हा त्यांच्या हातात बटाट्याच्या वाटणीची बिस्किटं होती आणि समोर मंडळाचा फोटोग्राफर.

दुसऱ्याच दिवशी मंडईच्या तोंडाशी फ्लेक्स लागला, 'रक्तदात्याचे हार्दिक अभिनंदन!' फोटोत कोंडीराम गलितगात्र पडलेले, आणि शेजारी रक्त देऊनही ताजातवाना बसलेला बटाट्या.

सकाळी एक पेन्शनर गृहस्थ फ्लेक्स नीट निरखून गाळ्यावर आले.

"अहो, आपण कुत्र्याला रक्त दिलंत?"

"बटाटे घ्यायचे तर घ्या, नाहीतर चालू पडा!" कोंडीराम खेकसले.

गृहस्थांनी शांतपणे रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"असे अंगावर येताय, म्हणजे दिलेलं नाही, घेतलेलं दिसतंय."