पाणसरदाराचे सोळा जीव

मी स्वभावाने दुष्ट नाही, पण अकरावीनंतरच्या मे महिन्यात मला दुष्टपणाची फार हौस आली होती. त्याला कारण माझा मामेभाऊ. तो पुण्याला इंजिनिअरिंगला होता आणि सुट्टीत आठ दिवस आमच्याकडे, भवानीनगरला साखर कारखान्याच्या कॉलनीत राहून गेला. जाताना एका इंग्रजी नियमपुस्तकाची झेरॉक्स पानं आणि वीस तोंडांचा एक फासा ठेवून गेला. या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, आपण काय करणार ते तोंडाने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशाने ठरवायचं. गोष्ट सांगणारा तो मास्तर. मी मुलगी, म्हणून मास्तरीण. डिक्शनरी मांडीवर घेऊन ती पानं मी एकटीने वाचली होती, त्यामुळे या पदावर दुसऱ्या कुणाचा हक्क असू शकतो हे माझ्या गावीही नव्हतं.

शत्रूची सोंगं मास्तरणीनेच वठवायची. मामेभाऊ बजावून गेला होता, खलनायक तगडा पाहिजे. तो लेचापेचा असला तर जिंकण्यात काही राम नाही. मी ते फारच मनावर घेतलं. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी हटलं की इंदापूरच्या बाजूला बुडालेल्या देवळांचे कळस वर येतात. तसल्याच एका देवळात मी माझा खलनायक, पाणसरदार, बसवला. नियमपुस्तकात प्रत्येकाला किती मार सोसता येईल याचा आकडा असायचा. आम्ही त्याला 'जीव' म्हणायचो. खेळणाऱ्यांना पंधरा-पंधरा जीव, आणि पाणसरदाराला नव्वद. हा आकडा मी पहिल्याच दिवशी मोठ्या तोऱ्यात जाहीर करून टाकला, तेव्हा तिघांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

तिघं म्हणजे माझा धाकटा भाऊ, समोरच्या क्वार्टरमधला त्याचा दोस्त, आणि शेजारी राहणारी माझी मैत्रीण. ही माझ्याच वर्गात होती. तिचे वडील कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये, मूळ घर निरवांगीचं. आजोबांच्या काळापर्यंत त्यांच्याकडे मेंढरं होती. लहानपणी पोलिओ होऊन तिचा डावा पाय बारीक राहिला होता. आमच्याकडे आली की ती पायाचं कॅलिपर काढून दाराशी ठेवायची आणि फरशीवर ऐसपैस बसायची.

लगोरी असो, डबा ऐसपैस असो, ती आमच्यात नेहमीच असायची, पण लिंबू-टिंबू म्हणून. ज्यांचं लहानपण गल्लीत गेलंय त्यांना हे सांगायला नको. लिंबू-टिंबू खेळात असतो, पण तो आउट होत नाही. त्याला पकडलं तरी पकडलं असं कुणी धरत नाही. लंगडी तर ती दिसली की आम्ही बंदच करायचो. तिची आई तिला पाठवताना रोज सांगायची, "जपून खेळवा गं तिला." आणि आम्ही खरंच जपायचो. आम्हाला आमच्या चांगुलपणाचं कौतुकही होतं.

या खेळात कोण कोण होणार हे ठरवताना माझा भाऊ तिला म्हणाला, "तू घोडेस्वार हो. म्हंजी पळायचं टेन्शन न्हाय."

"तुलाच लई हौस पळायची," ती म्हणाली. "मी मेंढकी. माझ्याकडं गोफण हाय."

लढाई तीन दुपारी चालली. बाहेर ऊन रणरणत होतं, गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडलेला, त्यामुळे कॉलनी अगदी गप्प. मी आईचं सूप उभं करून त्याच्या आड बसायची. पाणसरदाराचा फासा तिथेच टाकायची आणि त्याचे जीव पाटीवर खोडून लिहायची, म्हणजे पलीकडच्यांना काही दिसू नये. फासा अकराच्या वर पडला की घाव लागला. त्यांचा घाव लागला तर किती जीव गेले ते लुडोचा फासा सांगायचा. पाणसरदाराचा एक घाव म्हणजे सरळ पाच जीव. दुसऱ्या दुपारी माझा भाऊ मेला. तिसऱ्या दुपारी त्याचा दोस्त. दोघं भिंतीला पाठ टेकून, तोंडं पाडून बसले. उरली मेंढकी, तिचे जीव पाच.

पाणसरदाराची पाळी आली. मी सुपाआड फासा टाकला. अठरा.

मी तिच्याकडे पाहिलं. ती पुढे वाकून, ओठ आवळून माझ्या तोंडाकडे बघत होती. इतकी रंगून गेलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "सात," मी म्हणाले. "चुकला."

तिने गोफण फिरवली. तेरा पडले, म्हणजे धोंडा लागला. लुडोच्या फाशाने सहा दिले. मी पाटी ओल्या बोटाने पुसून टाकली आणि आवाज चढवून सांगितलं, पाणसरदार गुडघ्यावर आला, कोसळला, मेला! भावाने उडी मारली. त्याच्या दोस्ताने शिट्टी वाजवली. मी स्वतः टाळ्या पिटत होते.

ती एकटी हसली नाही. तिने मांडीखालची वही काढली आणि शेवटचं पान उघडलं. तीन दुपारचा प्रत्येक घाव तिने तिथे मांडून ठेवला होता.

"नव्वद जीव व्हतं म्हणाली व्हतीस."

"व्हय."

"आमी अडुसष्ट घालवलं. आन् आत्ताचं सहा. चौऱ्याहत्तर झालं." ती वहीतून मान वर न काढता बोलत होती. "मग ऱ्हायलेलं सोळा जीव कुठं गेलं?"

मी काहीबाही बोलले. देवळाची भिंत त्याच्या अंगावर पडली म्हणाले. मास्तरीण सांगेल ते खरं, पुस्तकात लिहिलंय म्हणाले. ते खरंच लिहिलेलं होतं, पण माझा आवाज मलाच खोटा लागत होता.

"मगाचचा सात तरी खरा व्हता का?"

मी फासा उचलून मुठीत घेतला.

"हितं बी लिंबू-टिंबूच केलंस ना मला?" ती म्हणाली. "हितं तर पाय बी लागत न्हाय गं."

ती रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं, आणि तेही चुकलंच असतं. पण ती रडली नाही. ती भयंकर संतापली होती. मला आधी तिचा राग आला, एवढं केलं तरी हिचं हे असं. आणि मग एकदम कळलं की तिच्यासाठी केलं असं मी म्हणत होते, पण त्या टाळ्या मी स्वतःसाठीच पिटत होते.

"खरं किती पडलं व्हतं?"

"अठरा."

"अठरा म्हंजी मी मेले."

"व्हय," मी म्हणाले. "मेलीस."

भाऊ मध्येच म्हणाला, "जाऊ दे की, परत टाका." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत भिंतीला टेकून बसला. तिने वही मिटली. हातांवर जोर देत फरशीवरून सरकत ती भिंतीपाशी, त्या दोन मेलेल्यांजवळ गेली.

"सरका की जरा," ती म्हणाली.

ते सरकले. ती दोघांच्या मधोमध बसली, पाठ टेकली, आणि तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मग म्हणाली, "उद्यापासनं राज्य माझ्यावर. सरदार मी हुणार. तुमी तिघं या लढायला."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इतकी वर्षं एका गल्लीत खेळत होतो आणि तिच्यावर एकदाही राज्य आलेलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही तिघंही एका सुरात म्हणालो, "व्हय व्हय, तूच हो!"

"असं लगीच व्हय काय म्हणताय?" ती परत उखडली. "भांडा की जरा!"

मग माझा भाऊ म्हणाला, "उद्या न्हाय. उद्या माझा नंबर हाय, मी आधी मेलोय." ती म्हणाली, "नंबर गेला खड्ड्यात." आणि ती दोघं अशी कडाकडा भांडली की कोण पडलं, कुणाला लागलं म्हणून शेजारून तिची आई धावत आली.