पडद्यावरचा दुसरा ओटा

विश्रामबागेतल्या प्लॉटवर आम्हा दोघा भावांचं एकच घर बांधायचं ठरलं होतं. मी साताऱ्याला नोकरीला, शनिवारी सांगलीला यायचो. धाकटा इथेच हळदीच्या पेठेत. स्वयंपाकघर एक, आणि त्याला लागून आईची दहा बाय बाराची खोली. निळ्या नकाशावरची मापं मी तपासायचो. बाकीचे नुसते माना डोलवायचे, कारण त्या रेषांतून त्यांना काही दिसतच नसे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या इंजिनिअरने कॉम्प्युटर घेतला. बांधणारे आणि राहणारे एकत्र बसले की नंतर तोडफोड होत नाही, असं त्याचं म्हणणं. एका रविवारी त्याने गवंड्यासकट आम्हा सगळ्यांना बोलावलं. पडद्यावर घर उभं राहिलं, गोल फिरलं, स्लॅब बाजूला करून आत डोकावता आलं. गवंडी म्हणाला, "लय बेस. आता चुकलं तर माझ्याच नावानं ओरडा."

भावजय एरवी बोलत नसे. स्वयंपाकाचा अजून एक ओटा कुठे बसेल का, असं तिने हळूच विचारलं. माझी बायको लगेच म्हणाली, "बघू तरी." दोघींचं आधी बोलणं झालं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. पूर्वी असा बदल कागदावर यायला आठवडा लागायचा. तेवढ्यात राग निवायचा, कुणीतरी माघार घ्यायचं. इथे इंजिनिअरने चार बटणं दाबली आणि मधोमध भिंत आली, दुसरा ओटा आला. एका घराची दोन झाली. कुणी हरकत घेतली नाही. बरं वाटलेलं लपतही नव्हतं, माझंसुद्धा.

आई मागच्या खुर्चीवर बसली होती. तिने विचारलं, "माझी खोली कुठं गेली रं?"

नवा ओटा तिच्याच खोलीत बसवला होता.

धाकटा म्हणाला, "आई, दोन्ही घरं तुझीच."

"व्हय. पर निजायला एक लागतंय."

इंजिनिअरने घाईघाईने आधीचं चित्र परत आणलं. ते आईशिवाय कुणी पाहिलं नाही.

घर दुसऱ्या चित्राप्रमाणे झालं. मापात कुठे इंचाचा फरक नाही. आई एक महिना आमच्या हॉलमध्ये निजायची, एक महिना त्यांच्या. महिना भरला की आपलं अंथरूण आपणच गुंडाळायची आणि पलीकडून कुणी न्यायला येईपर्यंत दाराशी बसून राहायची.