मेणाचे डोंगर

विज्ञान संग्रहालयात ज्वालामुखीचा खेळ दाखवणारी बाई म्हणजे तीन भावांची ताई. आई गेल्यापासून त्यांच्यासाठी हिनेच खस्ता खाल्ल्या. स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. एकेक भाऊ शिकला, कमावता झाला आणि दूर गेला. आता तिघांनी मिळून राहतं घर विकायला काढलं होतं आणि ताईचं काय, यावर मात्र सगळे मूग गिळून बसले होते. निदान धाकटा तरी आपल्याला घेऊन जाईल, म्हणून हिने बॅग भरून ठेवलेली. वेडीच म्हणायची.

धाकटा आला तो थेट संग्रहालयातच, लेकीला घेऊन. ताईचं काळीज सुपाएवढं झालं. तिने शेगडी पेटवली. भांड्यातलं मेण वितळून नळीतून वर चढू लागलं. नळीच्या तोंडावर लांब फटीचा पत्रा होता. हँडल फिरवलं की तो हळूहळू सरकायचा.

"बघ हं," ती भाचीला म्हणाली, "पृथ्वीच्या पोटात खोलवर एक तापलेली जागा असते. ती तिथंच राहते. तिथला गरम खडक वर येता येता वितळतो आणि जमीन फोडून बाहेर पडतो. झाला ज्वालामुखी. पण वरची जमीन सरकत असते ना, ती त्याला पुढे घेऊन जाते. खालची आग सुटली की तो थंड. मग त्या आगीवर नवा डोंगर उभा राहतो."

"आणि जुना परत येतो, आत्या?"

"नाही गं. गेला तो गेलाच."

फटीतून आलेल्या मेणाचे सरकत्या पत्र्यावर दोन उंचवटे झाले, तिसरा वर येऊ लागला, तेव्हा धाकट्याने घसा खाकरला.

"ताई, घराचा व्यवहार झाला. तुझ्यासाठी वृद्धाश्रमात खोली बघितलीय. आमच्याकडे जागा कुठंय? आणि तुला इथलीच सवय."

ताईचा हात हँडलवर थांबला. इतक्या वर्षांत ही चूक तिच्या हातून झाली नव्हती. पत्रा जागच्या जागी आणि मेण मात्र खालून येतच राहिलं. डोंगर फुगला, कडेवरून ओघळला.

"हा केवढा मोठा झाला," भाची हरखून म्हणाली.

"त्याला जाऊ दिलं नाही ना, म्हणून."

तिला भावाचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. तिने शेगडी बंद केली आणि मेण खरवडू लागली. धाकटा लेकीचा हात धरून दारापर्यंत गेला आणि वळला.

"सामान फार घेऊ नकोस हं. खोली लहान आहे."

"एकच बॅग आहे. भरून ठेवलीय."

"बरं झालं," तो म्हणाला. त्याच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं.