आमच्या घराण्यात कुणाला नाही

माझ्या नाकावर राग असतो, असं सगळेच म्हणतात. असेना का. बाबांवरचा राग तर मी चांगला पोसलाय.

गोखिवऱ्याच्या आमच्या बिल्डिंगचे दोन जिने चढताना विशीतला दादा धापा टाकायला लागला. मग पापण्या उतरल्या, मग फिट्स आल्या. आळशी, नाटकी, कुणाची तरी नजर, सगळं म्हणून झालं. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला. निकाल ऐकायला बाबा एकटेच आत गेले. आई बाहेर बाकावर. घरी येऊन म्हणाले, "याचं लग्न करायचं नाही. पुढच्या पिढीत जाईल." शेजारच्या गास गावातली एक मुलगी दादासाठी थांबली होती. तिलाही तसंच कळवलं.

मला मात्र स्थळं बघायला घेतली. आगाशीच्या मंडळींनी दादाला बघून रीतीप्रमाणे विचारलं, "घराण्यात आणखी कुणाला?"

बाबा ताठ मानेने म्हणाले, "आमच्या घराण्यात कुणाला नाही."

खरंच होतं ते. आजोबा, काका, सगळे ठणठणीत. आईच्या माहेरचं कोण विचारतंय? पत्रिकेसोबतच्या कागदावर मामेकुळ म्हणून नुसतं आडनाव लिहितात. अंथरुणाला खिळून गेलेला मामा त्यात कुठे मावणार!

माझ्या लेकीची पापणी सहाव्या वर्षी उतरली. दादाला तपासलं होतं त्याच मुंबईच्या हॉस्पिटलमध्ये नव्या डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं: हा दोष आईकडून येतो. मुलगा तो पुढे देत नाही, मुलगी देऊ शकते. दादाच्या जुन्या फायलीत हेच वडिलांना समजावल्याची नोंदही होती.

ज्याच्या मुलांना धोका नव्हता त्याला बिनलग्नाचा ठेवला, आणि मला अंधारात ठेवून बोहल्यावर चढवलं!

तशीच गोखिवऱ्याला गेले. चपलाही काढल्या नाहीत.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुझं लग्न जमलं असतं?"

"ते मी बघितलं असतं. मूल होऊ द्यायचं की नाही, हे मला ठरवायचं होतं!"

"हळू बोल," बाबा आतल्या खोलीकडे बघत म्हणाले.

"का हळू? आईकडून येतो हा आजार, आईकडून! तुम्हाला माहीत होतं!"

आत आई दादाला पेज भरवत होती. चमचा तसाच धरून ती दारात आली.

"माझ्याकडनं?"

बाबा उठले आणि तिच्या हातातला चमचा घेतला.

"नाही गं," ते म्हणाले, "हिला काय कळतंय त्यातलं."

आईने माझ्याकडे बघितलं. मी गप्प राहिले.