डोंगरापलीकडच्या सभेत

संग्रामपूरकडच्या आमच्या गावाला लागून डोंगर आहे. त्याचं जंगल सांभाळायचा हक्क सरकारनं पलीकडच्या आदिवासी वस्तीच्या ग्रामसभेला दिला. आमचं गाव तिप्पट मोठं, पण आम्हाला तो नाही. वस्तीनं जंगलाचा एक भाग चराईला बंद केला. एका दुपारी बकऱ्या चारताना माझा डोळा लागला आणि माझ्या दोन बकऱ्या नेमक्या तिथंच शिरल्या. वस्तीवाल्यांनी त्या बांधून ठेवल्या. त्यातली एक गाभण होती, दिवस भरलेले.

जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले, "चाळीस घरांची वस्ती आपल्याले कायदा शिकवून राह्यली! कोणी जायचं नाही. तहसीलदाराले अर्ज देऊ. एकदा हात जोडले का कायमचे जोडले."

"अन् तोवर बकरी तिथंच अडली तं?" सासूनं विचारलं.

"अडू दे."

सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, मी जाते. तो चपला घालून मागं आला.

वस्तीत आमच्यासाठी सभा बसली. तिथं रीत अशी की ज्याच्या हातून चूक झाली त्यानंच उभं राहून सांगायचं, आणि सगळ्यांना पटेपर्यंत सभा उठत नाही. नवरा बोलायला गेला तर एक म्हातारी म्हणाली, "बकऱ्या तू चारत होता काय बे? बस खाली." बायका हसल्या. मी उभी राहिले. चार माणसांत मी कधी बोलले नव्हते. झोप लागली, एवढंच सांगितलं. मागं बकरी ओरडत होती.

म्हातारीनं विचारलं, "बाई, हा हक्क आमालेच भेटला, तुमाले नाही. तुले मान्य हाय काय?"

खोटं बोलवेना. "बोचते," मी म्हटलं. "जंगल आमच्याबी दारात हाय. पण मागच्या उन्हाळ्यात डोंगर पेटला तवा तुमच्या बायका ओल्या फांद्या घेऊन धावल्या. आमी ओट्यावरून पाह्यलं. मान्य हाय."

मग ठरलं की आग पुढं सरकू नये म्हणून जंगलात पाला काढून पट्टा मोकळा करतात, त्या कामाला मी एक दिवस यायचं. एकेकानं हो म्हटलं. शेवटी मी.

बकऱ्या घेऊन घरी आलो तर जेठ ओट्यावर बसलेले. नवऱ्याला म्हणाले, "काय कबूल करून आली, विचार तिले."

"पाला काढाले जाणार हाय," नवरा म्हणाला. "मी बी जाईन."

जेठ उठून आत गेले. तेव्हापासून ते माझ्या हातचा चहा घेत नाहीत. कामाच्या दिवशी आमच्या गावातून आम्ही दोघंच निघालो. ओट्याओट्यावर माणसं बसली होती, आणि आम्ही जवळ आलो की बोलणं थांबत होतं.